तत्त्वज्ञानाची पदवी आणि घराचे तारण

पास्काचा सण होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी चर्चच्या कचेरीत बसलो होतो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. मरोळच्या गावठाणात त्यांचे वडिलोपार्जित घर आहे. एमआयडीसीतील एका कारखान्यात आयुष्यभर नोकरी करून ते अलीकडेच निवृत्त झाले. मोजके बोलणारे, कोणत्याही समितीत पुढे न येणारे, पण सणाच्या आदल्या दिवशी खुर्च्या मांडायला न बोलावता हजर असणारे, असे हे गृहस्थ. त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला आणि माझ्यासमोर पसरला.

कागदावर हिशेब होता. त्यांच्या मुलीने झेवियर्स कॉलेजातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. केले आहे. आता इंग्लंडमधील एका जुन्या, जगभर नाव असलेल्या विद्यापीठाने तिला त्याच विषयाच्या एम. ए. ला प्रवेश देऊ केला होता. अभ्यासक्रम एका वर्षाचा. फी, राहणे, जेवणखाण, विमानभाडे, व्हिसा असा सगळा खर्च मिळून ४५ लाख रुपये. त्याखाली कर्जाचे आकडे : व्याज ११ टक्के, मुदत १५ वर्षे, मासिक हप्ता सुमारे ५१ हजार, एकूण परतफेड ९२ लाख. उजव्या बाजूला 'मिळकत' असा शब्द लिहून त्याखाली पट्टीने रेघ मारली होती. रेघेखाली काहीच नव्हते.

"फादर, हा रकाना मला भरता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही तत्त्वज्ञान शिकलात. तुम्ही सांगा, इथे काय लिहू?"

मी त्यांना जे उत्तर दिले ते आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते. ज्ञान तराजूत तोलता येत नाही, मुलांच्या बुद्धीला पैशाची वेसण घालू नये, अशा आशयाचे पाच-सात मिनिटांचे प्रवचनच मी त्यांना ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "फादर, तुमच्या शिक्षणाचे पैसे कोणी भरले?"

त्या प्रश्नात टोचणी नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. माझ्याजवळ चटकन देण्यासारखे उत्तर नव्हते. दोन दिवस विचार करतो असे सांगून मी तो कागद ठेवून घेतला. दोन दिवसांचे दोन महिने झाले. त्या कुटुंबाच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

प्रथम हिशेबाविषयी. हिशेब मांडणे हे पाप नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दृष्टान्त आहे. त्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घेतला नाही, तर पाया घालूनच काम थांबेल आणि येणारे-जाणारे त्याला हसतील. प्रभू येशू तेथे शिष्यत्वाविषयी बोलत होता हे खरे. पण शिष्यत्वासारखी गोष्ट सांगताना त्याला आकडेमोड करणाऱ्या माणसाचीच उपमा द्यावीशी वाटली. आम्ही धर्मगुरू मात्र प्रवचनात पैशाला नावे ठेवतो आणि त्याच मिस्सेच्या शेवटी छप्पर दुरुस्तीच्या निधीची सूचना वाचून दाखवतो.

आपल्या समाजाचे तर नावच हिशेबातून पडलेले आहे. १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी आणि सरकारी नोकऱ्यांवरचा आपला जुना हक्क दिसावा, हाही ते नाव घेण्यामागचा एक हेतू होता. पुढे मरोळ-कोंडिविटे परिसरातील जमिनी कारखान्यांसाठी गेल्या. १९७३ साली सीप्झ उभे राहिले. १५७९ साली बांधलेले आणि १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे सोडावे लागलेले आपल्या पूर्वजांचे चर्च आज त्याच सीप्झच्या कुंपणाआड भग्न अवस्थेत उभे आहे. जमीनही गेली आणि तिच्या मोबदल्यात आलेले पैसेही गेले, हे ज्यांच्या आजोबांनी पाहिले, त्यांनी उरलेले घर तारण ठेवताना दहा वेळा विचार केला तर त्याला श्रद्धेची उणीव म्हणता येणार नाही.

तेव्हा हिशेब मांडायचाच, तर तो नीट मांडू या. मुलीने आपल्या वडिलांना पटवण्यासाठी काही नावे सांगितली होती. जॉर्ज सोरोस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तत्त्वज्ञान शिकला. पीटर थिएलची स्टॅनफर्डची पदवी तत्त्वज्ञानाची. दोघेही अब्जाधीश. नावे खरी आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष कच्चा आहे आणि तर्कशास्त्राच्या विद्यार्थिनीला तो शोभणारा नाही. श्रीमंत झालेल्या चार जणांकडे एक पदवी होती म्हणून ते त्या पदवीने श्रीमंत झाले, असे सिद्ध होत नाही. ती पदवी घेऊन सामान्य पगारावर मुले शिकवणाऱ्यांची यादी कोणी छापत नाही. खरी तुलना एकाच व्यक्तीची करावी लागते : हीच मुलगी, हीच तिची बुद्धी आणि हीच तिची मेहनत, ती पदवी असताना आणि नसताना. दोन्हींत जो फरक पडेल तेवढेच त्या पदवीचे श्रेय.

ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात थेलीस या आद्य तत्त्वज्ञाची एक गोष्ट दिली आहे. तुझ्या तत्त्वज्ञानाचा काय उपयोग, तू तर दरिद्रीच राहिलास, असे लोक थेलीसला हिणवत. ऑलिव्हचे पीक पुढच्या हंगामात उदंड येणार हे त्याने आकाशातील ग्रहताऱ्यांवरून ताडले आणि ऐन हिवाळ्यात, कोणाला गरज नसताना, तेलाचे घाणे स्वस्तात भाड्याने घेऊन ठेवले. हंगाम आला तेव्हा सगळे त्याच्या दारी. हवा तो दर लावून त्याने पैसा केला. तत्त्वज्ञांना मनात आणले तर श्रीमंत होता येते, पण त्यांचे मन तिकडे नसते, हे त्याला दाखवायचे होते असे म्हणतात. गोष्ट गमतीची आहे. मात्र ॲरिस्टॉटल लगेच पुढे सांगतो की थेलीसने केले ती एक सर्वसाधारण व्यापारी युक्ती होती, म्हणजे सगळा माल एकाच्याच हाती ठेवण्याची. तिला तत्त्वज्ञान लागत नाही. सोरोस आणि थिएल यांनाही हेच लागू पडते, असे मला वाटते.

आता मुलीला स्वतःला काय हवे होते? तिला शिकवायचे होते. आपल्या राज्यात सहायक प्राध्यापकाच्या नियमित जागेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दरमहा ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते मिळून रक्कम बरी होते. पण अशी जागा मिळेपर्यंत कित्येक उमेदवार वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीत काही नाही. संशोधनाकडे जायचे तर राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. तिच्यासाठी कळिन्याच्या विद्यानगरीतील एम. ए. चालते, इंग्लंडचे लागत नाही. कळिना मरोळहून फार लांबही नाही, आणि तेथील फी हजारांत मोजावी लागते, लाखांत नाही. ५१ हजारांचा हप्ता या आकडेवारीत कोठे बसतो? कोठेच बसत नाही. तो बसवायचा तर मुलीला लंडनमध्ये एखाद्या बँकेत किंवा सल्लागार कंपनीत नोकरी शोधावी लागेल. शिक्षण संपल्यावर तेथे राहून नोकरी करण्याची मुभा मर्यादित काळाची असते. समजा, नोकरी मिळालीच, तर ती तत्त्वज्ञानामुळे मिळणार नाही. ती विद्यापीठाच्या नावामुळे मिळेल.

येथे मला पहिल्यांदा जाणवले की कागदावरचे ४५ लाख ही एका वस्तूची किंमत नसून दोन वस्तूंची आहे, एक तत्त्वज्ञान आणि दुसरे नाव. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटिस मिस्कीलपणे सांगतो, की प्रोडिकस नावाच्या पंडिताचा शब्दांविषयीचा ५० द्राख्मांचा पाठ आपण ऐकला असता तर या विषयातले सगळे आपल्याला कळले असते. पण आपण ऐकला तो एका द्राख्माचा पाठ, म्हणून खरे काय ते ठाऊक नाही! प्रोडिकस खोटा होता असे मी म्हणत नाही. मोठ्या विद्यापीठाचे नावही खोटे नसते. तेथे आठवड्याला एक निबंध लिहून तो शिक्षकासमोर वाचावा लागतो आणि प्रत्येक वाक्याचे समर्थन करावे लागते. ग्रंथालयात मागेल ते पुस्तक मिळते. शेजारच्या खोलीत आपल्याहून हुशार कोणीतरी राहत असते. या गोष्टी मला मिळाल्या असत्या तर मी आज निराळा माणूस झालो असतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांतील किती भागाची किंमत आपण देतो आणि किती भाग केवळ शिक्क्याचा, हे पावतीवर वेगळे लिहिलेले नसते.

दुसरी गोष्ट घराची. आपल्या बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. त्यापुढे बहुधा मागतात. गावठाणातील घर तारण ठेवायचे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचे नाव, त्याखाली पाच भावंडांची नावे, त्यांतील एक जण कॅनडात, एक देवाघरी आणि त्याच्या मुलांनी वारसनोंद केलेली नाही. या गृहस्थांना सह्या मिळाल्या असत्या, कारण त्यांच्या भावांचे त्यांच्यावर प्रेम आहे. मला भीती वाटली ती याचीच. प्रेमापोटी केलेली सही ज्याच्या हप्त्यासाठी केली तो हप्ता थकला, की प्रेमाचे काय होते हे मी या कचेरीत अनेकदा पाहिले आहे. शिवाय घरात धाकटा मुलगा आहे. तो बारावीला आहे आणि त्याला अद्याप कोणी काही विचारलेले नाही.

इतके लिहून झाल्यावर मूळ प्रश्न तसाच उरतो : माझ्या शिक्षणाचे पैसे कोणी भरले?

मी गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून सात वर्षे शिकलो. माझ्या वडिलांनी मला कपडे, चटई आणि ट्रंक घेऊन दिली. त्यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हते. बाकी सारा खर्च धर्मप्रांताने केला. म्हणजे मुंबईतील धर्मग्रामांतून सेमिनरीसाठी जी थाळी फिरते तिने केला. त्या थाळीत या गृहस्थांच्या आईचेही पैसे पडलेले असणार. ॲरिस्टॉटल, थॉमस अक्वायनस, कांट यांच्यावर मी जी वर्षे घालवली, त्यांची मिळकत काय, असा रकाना माझ्यासाठी कोणी आखला नाही. मी मात्र त्या माणसाला सांगत होतो की ज्ञानाचा हिशेब करू नये. फुकट जेवलेल्याने भुकेल्याला भोजनाच्या पावित्र्याविषयी सांगावे, असे ते झाले.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे कधी काळी फार थेटपणे पाहिले होते. ११७९ साली तिसऱ्या लॅटरन परिषदेने नियम केला, की प्रत्येक मोठ्या चर्चने एका शिक्षकाच्या चरितार्थाची सोय करावी, म्हणजे तो धर्मसेवकांना आणि गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवील. आणि शिकवण्याचा परवाना देण्यासाठी कोणी पैसे घेऊ नयेत. ज्ञान ही देवाची देणगी आहे, म्हणून ती विकता येत नाही, असा त्या काळच्या धर्मपंडितांचा सिद्धान्त होता. पण शिक्षकाला पोट असते हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून शिक्षकाला त्याच्या श्रमाचा मोबदला चालेल, मात्र तो विद्यार्थ्याच्या खिशातून न काढता समाजाने द्यावा, अशी ही व्यवस्था होती. आजही धर्मगुरूंच्या बाबतीत आपण ती पाळतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील २५० व्या कलमानुसार भावी धर्मगुरूला पूर्ण दोन वर्षे तत्त्वज्ञान शिकावे लागते. २०११ साली तर रोमने आपल्या धर्मविद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचा पहिला अभ्यासक्रम वाढवून तीन वर्षांचा केला. फ्रान्समधील एका मायलेकीने, स्टेफनी आणि जान बिगार यांनी, १८८९ साली मिशन प्रदेशांतील स्थानिक धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी निधी सुरू केला आणि त्यापायी स्वतःचे वैभव सोडून साधेपणाने राहिल्या. त्यांना परतफेड कोणी केली?

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे, आणि धर्माच्या चौकटीबाहेरही. खानदेशात अंमळनेर येथे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कापसाच्या पैशातून अभ्यासकांच्या राहण्याची व विद्यावेतनाची सोय झाली, तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघाले, बंगालपासून दक्षिणेपर्यंतचे विद्वान त्या आडगावी येऊन राहिले. साने गुरुजी अंमळनेरला आले ते या मंदिरात शिकण्यासाठी. मग १९२४ साली ते तेथील शाळेत शिक्षक झाले. शेठजींच्या वहीत साने गुरुजींच्या नावे काय जमा झाले असेल? गिरणीच्या हिशेबाने शून्य. खानदेशातील मुलांच्या हिशेबाने काय, ते कोणी मांडायचे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, पण त्याबरोबर ते तत्त्वज्ञानही शिकले आणि जॉन ड्यूई हे त्यांचे शिक्षक होते. ड्यूईंचे ऋण त्यांनी पुढे १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये उघडपणे मान्य केले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली ते बडोद्यास गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान झाला, आणि ती नोकरी वर्षभरही टिकली नाही. गुंतवणूक म्हणून पाहिले तर बडोदे संस्थान बुडाले. त्या पैशाचा लाभ ज्यांना झाला त्यांतील बहुतेक जण तेव्हा जन्मलेही नव्हते, आणि त्यांतील कोणाकडूनही महाराजांना हप्ता येणार नव्हता.

या सगळ्या उदाहरणांत पैसा दुसऱ्याचा होता. एका घराने भार उचलल्याचेही एक उदाहरण माझ्यासमोर आहे, आणि ते मला विसरता येत नाही. संत एडिथ स्टाईन यांचे वडील त्या दोन वर्षांच्याही नव्हत्या तेव्हा वारले. त्यांच्या आईने, ऑगस्टे स्टाईन यांनी, ब्रेस्लाऊ शहरातील लाकडाची वखार स्वतः चालवून मुले वाढवली. त्या वखारीच्या बळावर धाकटी लेक हुसेर्ल या नामवंत तत्त्वज्ञाकडे शिकली आणि १९१६ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत मिळवली. पुढे? स्त्री म्हणून तिला विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला नाही. १९२३ ते १९३१ ती श्पायर येथील डोमिनिकन भगिनींच्या शाळेत शिकवत होती. १९३३ साली नाझींच्या कायद्यामुळे होती ती अध्यापकीही गेली आणि त्याच वर्षी ती कार्मेल मठात दाखल झाली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी आउश्वित्झ येथे तिचा वध झाला. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिले. ते स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ऑगस्टेबाई श्रद्धाळू यहुदी होत्या. लेकीचा बाप्तिस्मा आणि मठप्रवेश यांनी त्यांचे हृदय पिळवटून निघाले. वखारीच्या हिशेबात तर सोडाच, आईच्या हिशेबातही ही मिळकत मांडता येईना. तरी त्या वखारीवर कर्जाचा बोजा ठेवून ही पदवी घेतली असती, तर श्पायरच्या शाळेतील साधी नोकरी एडिथला परवडली असती का? मला तेथे अडखळायला होते.

कारण कर्ज ही तटस्थ वस्तू नाही. डॉक्टर होण्यासाठी कर्ज घेतले तर रुग्णाची फी ते फेडते. ज्याला लाभ होतो तोच पैसे देतो. तत्त्वज्ञानाचा लाभ ज्यांना होतो ते पैसे देत नसतात. अकरावीतील एखादा मुलगा तर्कशास्त्राच्या तासाला पहिल्यांदा विचारतो की हे असेच का. रुग्णालयात मरणासन्न माणसाचे यंत्र बंद करावे की नाही यावर चर्चा चालू असताना कोणीतरी नेमका प्रश्न मांडतो. गावठाणाच्या सभेत शंभर जण ओरडत असताना एक जण म्हणतो, थांबा, आपण दोन वेगळ्या गोष्टी एक समजून भांडत आहोत. हे सारे फुकट दिले जाते. ते देणाऱ्यावर ५१ हजारांचा मासिक हप्ता असेल तर तो ते देऊ शकणार नाही. जेथे हप्ता निघतो तेथे त्याला जावे लागेल. ४५ लाख कर्ज काढून मुलीने तत्त्वज्ञान विकत घेतले असते आणि ते वापरण्याचे स्वातंत्र्य त्याच सहीने गहाण टाकले असते.

म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितले, की घर तारण ठेवू नका. मुलीलाही बोलावून हेच सांगितले. कळिन्याला एम. ए. कर, पात्रता परीक्षा दे, आणि परदेशाचे दार बंद करू नकोस, पण जायचे ते शिष्यवृत्तीवर. पूर्ण खर्च देणारी ऱ्होड्ससारखी शिष्यवृत्ती आहे, आपल्याच शहरात १८९२ पासून चालत आलेला जमशेटजी टाटांचा निधी आहे. तो कर्जरूपाने असला तरी घर मागणारा सावकार नव्हे. मला वाटले मी समतोल सल्ला दिला आहे.

मुलीने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "फादर, मी मुलगा असते आणि सेमिनरीत गेले असते, तर तुम्ही माझ्यासाठी थाळी फिरवली असती. मी मुलगी आहे, लग्न करीन, शिकवीन, चर्चमध्येच राहीन. मग माझे तत्त्वज्ञान हा माझ्या पपांचा खासगी खर्च. असेच ना?"

असेच. तिला फिरवून सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. धर्मभगिनींना काही प्रमाणात ही संधी मिळते. पण लग्न करून संसार करणाऱ्या, धर्मग्रामातच आयुष्य काढणाऱ्या बाईच्या विचारशक्तीवर आपण एक रुपयाही सामाईकपणे खर्च करत नाही, आणि मग प्रश्न बिकट झाला की तक्रार करतो, की आपल्या समाजात विचार करणारी माणसे उरली नाहीत.

मी हा विषय पालकीय समितीपुढे ठेवला. उच्च अभ्यासासाठी, आणि त्यातही ज्या विषयांतून पैसा येत नाही त्यांसाठी, धर्मग्रामाचा एक छोटा निधी असावा, असा माझा प्रस्ताव होता. पहिला आक्षेप वित्त समितीच्या एका सदस्याने घेतला, आणि तो हलका नव्हता. आपल्याच हद्दीतील झोपडपट्टीत दहावीनंतर शाळा सोडणारी मुले आहेत. एका मुलाचा आयटीआयचा, एका मुलीचा नर्सिंगचा खर्च म्हणजे एक कुटुंब उभे राहते. ते सोडून तत्त्वज्ञानाला पैसे? मी त्यांना सांगितले की पहिला घास त्यांचाच. पण बारा वर्षे या धर्मग्रामात असूनही आयटीआयसाठी निधी काढण्याचे आजवर कोणाला, अगदी मलाही, सुचले नव्हते. तत्त्वज्ञानाची गोष्ट निघाली तेव्हा ते सुचले, हेही मी बोलून दाखवले. थोडा हशा झाला, पण आक्षेप तसाच राहिला आणि तो राहायलाच हवा. एका व्यक्तीला ४५ लाख देणारा निधी आपल्याला झेपणारा नाही आणि तो न्याय्यही होणार नाही. कळिन्याला शिकणाऱ्या एखाद्याची पुस्तके, परीक्षेच्या तयारीच्या वर्षात घरी द्यायची थोडी रक्कम, शिष्यवृत्ती मिळालेल्याचे पहिले विमानभाडे, इतपत झेपेल.

मुलीने त्या विद्यापीठाला प्रवेश एका वर्षाने पुढे ढकलण्याची विनंती केली आहे. उत्तर आलेले नाही. सध्या ती शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरत आहे आणि माझ्याशी जेमतेम बोलते. तिच्या वडिलांचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. 'मिळकत' या शब्दाखाली मी अजून काही लिहिलेले नाही. डाव्या बाजूला मात्र, त्यांच्या आकड्यांच्या खाली, एक ओळ वाढवली आहे : माझी सेमिनरीतील सात वर्षे. तिच्यापुढे रक्कम मांडायची म्हणून मी सेमिनरीच्या खजिनदारांना दूरध्वनी केला. माझ्या वर्षांच्या वह्या कोठेतरी असतील, शोधून सांगतो, असे ते म्हणाले. समितीची पुढील बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, साडेआठच्या मिस्सेनंतर शाळेच्या सभागृहात आहे. तोपर्यंत तो आकडा आला तर बरे होईल.